स्वयंपाकघरात मराठी बंद

माणूस ज्या दिवशी दुसऱ्याची भाषा शिकतो, त्या दिवशी त्याच्या घराच्या भिंती गळून पडतात आणि तो अवघ्या जगाचा नागरिक होतो. हे वाक्य माझं आहे. एका सकाळी जिन्यात उभं राहून, डावा हात छातीवर ठेवून, मी ते वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरसाहेबांना ऐकवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उजव्या हातातली दुधाची पिशवी गळतेय. जगाच्या नागरिकाला जिना पुसावा लागणार."

मी जिना पुसला, पण वाक्य मागे घेतलं नाही. कारण आमच्या मुलीला परदेशी भाषा शिकवायची हे आदल्याच दिवशी आम्हा उभयतांचं ठरलं होतं. मुलगी दुधाचे दात पडण्याच्या वयाची. नाव चांगलं भारदस्त ठेवलंय. पण अंगाने गोल आणि हातातून निसटून कपाटाखाली जाणारी, म्हणून घरात तिला बटण म्हणतात. भाषा कोणती, ते मी मुद्दामच सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात त्या भाषेचा काडीइतका दोष नव्हता. उगाच एका चांगल्या देशाशी संबंध बिघडायला नकोत.

आता, का शिकवायची? छत्री घ्यायला एक कारण पुरतं. मुलाला परकी भाषा शिकवायला मात्र घरात जितकी मोठी माणसं तितकी कारणं लागतात, आणि प्रत्येकाने आपलं खरं कारण पोटात ठेवायचं असतं. माझं जाहीर कारण होतं, मुलीची दृष्टी विशाल व्हावी. पोटातलं कारण होतं आमचे हेडक्लार्क. त्यांचा नातू कुठल्याशा परक्या भाषेत रंगांची नावं म्हणतो, आणि हेडक्लार्क तो फोन स्पीकरवर टाकून टेबलाटेबलावरून फिरवतात. जांभळा आला की अख्ख्या सेक्शनने टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्याच्या नातवाच्या जांभळ्याला माणसाने किती काळ टाळ्या वाजवाव्यात?

बायकोचं कारण माझी वहिनी. वहिनीची मुलगी पियानो शिकते. "आपल्याकडे पियानो ठेवायला जागा कुठाय?" बायको म्हणाली. "भाषेला काही जागा लागत नाही." पुढे या भाषेने आमच्या घरात जितकी जागा घेतली, तितक्या जागेत दोन पियानो आणि ते वाजवणाऱ्या बायका सुखाने मावल्या असत्या.

आईचं कारण सगळ्यांत सरळ होतं. "दुपारभर माझ्याशी बोलत असते पोरगी. एकदाचं कळेनासं झालं, की मला डोळा तरी लागेल."

मॅनेजरसाहेबांना मूल नाही, त्यामुळे मुलांबाबतचा सल्ला त्यांच्याकडे भरपूर शिल्लक असतो. ते निवृत्त बँक मॅनेजर आणि आमच्या सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी. त्यांनी कुठे वाचलं होतं, की दोन भाषा शिकणाऱ्या मुलाच्या मेंदूत जास्तीची जागा तयार होते. "वाढीव बांधकामच म्हणा ना," ते म्हणाले, आणि जरा खिन्नपणे पुढे म्हणाले, "आणि त्याला सोसायटीची परवानगीही लागत नाही."

भाषेच्या वर्गाच्या बाई चणीने लहान, चष्मा मोठा. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि डॉक्टरने 'कुठे दुखतंय?' विचारावं तसं विचारलं, "कारण?"

मी म्हणालो, "दृष्टी." त्याच क्षणी बायको म्हणाली, "मेंदू."

"म्हणजे डोक्याचंच काहीतरी आहे," बाई म्हणाल्या. "ठीक आहे. आता माझा नियम ऐका. मुलं वर्गात शिकतात आणि घरी जाऊन धुऊन टाकतात. म्हणून घरातली एक खोली भाषेला द्यायची. त्या खोलीत तुमची भाषा बंद. सगळ्यांची. मोठ्यांचीसुद्धा."

"पण बाई, आम्हाला ती भाषा येत कुठे?"

"मुलगी शिकवेल ना. वर्ष संपताना मी घरी येऊन बघेन. खोली पाळलेली दिसली, तर मुलगी पुढच्या वर्गात. नाही दिसली, तर तिची जागा बाहेर बसलेल्यांना."

बाहेर बाकावर पालक बसले होते. भरलेल्या हॉटेलात उभी असलेली माणसं बसलेल्यांचं जेवण कधी संपतंय ते जशी बघतात, तसे ते आमच्याकडे बघत होते. मी ताबडतोब हो म्हणालो. बटण तेवढ्यात बाईंच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आता हिला इथून न्यायचं म्हणजे उचलूनच न्यावं लागेल.

घरी आल्यावर खोली निवडायचा प्रश्न आला. झोपायच्या खोलीला बायकोने साफ नकार दिला. "दिवसभराचं जे काही बोलायचं असतं ते मी तिथेच बोलते. तेही बंद केलं तर मला काहीतरी होईल." हॉलमध्ये टीव्ही आणि आईचा पलंग. आईने न्हाणीघर सुचवलं. पण तिथे एकेकटंच जायचं असल्याने संभाषणाला वाव नव्हता. उरलं स्वयंपाकघर. "तिथे बोलायचं असं असतं तरी काय?" मी म्हणालो. संसाराबद्दल इतकं अज्ञान मी आयुष्यात पुन्हा कधी प्रकट केलेलं नाही.

मॅनेजरसाहेबांना कुणकुण लागली. स्वयंपाकघराचा शैक्षणिक वापर म्हणजे मंजूर नकाशाचा भंग, असं त्यांनी सोसायटीच्या सभेत मांडलं. बरीच चर्चा झाली. शेवटी 'आवाज होऊ नये, वास येऊ नये' या दोन अटींवर परवानगी मिळाली. भाषेला वास कसा येणार, असं मी विचारलं. "लिहून ठेवलेलं बरं असतं," साहेब म्हणाले.

आणि आमच्या स्वयंपाकघरात मराठी बंद झाली.

पहिला आठवडा मूकपटासारखा गेला. बायको हातवारे करायची, मी चुकीचा डबा द्यायचो. भाजीत मीठ हवं असलं की आई हॉलमध्ये जाऊन मोठ्याने "मीठ!" म्हणायची आणि परत येऊन गप्प बसायची. बटण वर्गातून नवे शब्द आणायची आणि आम्हाला ओट्यापुढे उभं करून म्हणायला लावायची. ते शब्द भयंकर होते. जीभ वर न्यायची, दातांना टेकवायची, तिथून हवा सोडायची आणि वर चेहरा प्रसन्न ठेवायचा! माझ्या तोंडून सायकलच्या चाकातली हवा सुटल्यासारखा आवाज यायचा. बायकोने एकदा एका शब्दासाठी इतके कष्ट घेतले, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दूध उतू गेलं. आईची तर कवळी फक्त फोटोपुरती बाहेर येते. एरवी ती पाण्यात, म्हणून ओट्यापुढे आई गप्प.

पण मग एके दिवशी काहीतरी जादू झाली. बटणने नवे शब्द आणले आणि ते आम्हाला चक्क जमू लागले. पाणी म्हणजे बूमा. मीठ म्हणजे मुगी. झाकण म्हणजे पाफू. गरम ते होबू, बारीक ते गोमू, आणि कुणी काही चांगलं केलं की फुमी. आईने तर सगळ्यांना मागे टाकलं. तिच्या तोंडून 'बूमा' असं गोड निघायचं, की ऐकणाऱ्याला तहान लागावी. हे सगळे शब्द ओठांवर नाहीतर घशातच तयार होतात, हे माझ्या चाणाक्ष नजरेतून सुटलं नाही. मी बायकोला बाल्कनीत नेऊन समजावून सांगितलं, "थंड देश ना. तोंड फार उघडत नसणार बिचारे."

जसजशी आमची प्रगती होत गेली, तसतशी मला त्या भाषेची थोरवी पटत गेली. कान तुटलेल्या कपाला तिथे वेगळा शब्द होता. आपल्याकडे आहे का? सगळ्यांत लहान माणसाला आधी वाढल्याशिवाय वाक्यच पुरं होत नसे. केवढी ही संस्कृती! उलट कोबीला त्या भाषेत शब्दच नव्हता, आणि जे मागता येत नाही ते शिजवणार कसं? कोबी बंद झाला. 'दूध' होतं, 'दूध संपव' नव्हतं. मला स्वतःला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्या भाषेत चूक करणं जवळपास अशक्य होतं. मी झाकणाला एकदा चुकून 'गापू' म्हणालो. बटण क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, तेही चालतं. अशी उदार भाषा मी दुसरी पाहिली नाही.

घरात शांतता नांदू लागली, कारण भांडायला लागणारे शब्द अजून शिकवून झाले नव्हते. भांडण सुरू झालंच, तर आम्ही बाल्कनीत जायचो; पण तिथे पोचेपर्यंत निम्मं विसरायला व्हायचं आणि उरलेलं शेजारच्यांना ऐकू जाईल म्हणून गिळावं लागायचं.

अपघात झाला तो नळाचा. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून प्लंबर बोलावला. तो आत शिरून म्हणाला, "वायसर बदलू का अख्खा नळच..." तोच आमच्या तिघांची बोटं ओठांवर गेली. तो घाबरला. त्याला वाटलं घरात कुणी आजारी आहे. बटणने त्याला उंबऱ्याबाहेर नेऊन नियम सांगितला.

"म्हणजे मी बोलायचंच नाही का, बेबी?"

"बोलायचं ना काका. पण 'होबू', 'बूमा', 'फुमी' यांतलंच."

प्लंबर भला माणूस. तो आत गेला, नळाला पाना लावला आणि आमच्याकडे वळून हात गरागरा फिरवत काहीतरी सांगू लागला. गच्चीवरचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, असं त्याला म्हणायचं होतं. पण त्याला शब्द दिले होते ते तीनच. त्याने त्यातला त्यात बरा म्हणून "फुमी! फुमी!" सुरू केलं. तो आमच्या नळाचं कौतुक करतोय असं वाटून मी मान डोलावली आणि मीही "फुमी" म्हणालो. त्याने नळ खोलला आणि पुढच्या क्षणी पाणी छताला लागलं. "बूमा! बूमा!" म्हणत आई हॉलमध्ये पळाली. मी ओट्यावर चढलो, का ते आजही सांगता येणार नाही. नखशिखांत भिजलेली बायको त्याही परिस्थितीत उंबऱ्याबाहेर गेली, तिथे उभं राहून तिने माझ्याबद्दल आपल्याला काय वाटतं ते मराठीत सांगितलं, आणि पुन्हा आत येऊन गप्प झाली. नियम पाळणारी बाई म्हणून त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

पाणी जिन्यावरून उतरायला लागलं तेव्हा मॅनेजरसाहेब आले. आवाज होऊ नये ही अट मोडली, असं म्हणायला ते सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि आईने त्यांनाही ओठांवर बोट ठेवायला लावलं. आयुष्यभर सगळ्यांना गप्प करणारा माणूस असा एका शब्दाशिवाय गप्प झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. गंमत म्हणजे साहेबांना ते आवडलं. दुसऱ्या दिवसापासून ते साखर मागायला म्हणून रोज येऊ लागले आणि ओट्याशी बसून बटणकडून शब्द शिकू लागले. त्यांच्या घरी बोलायला कोणी नाही. आमच्याकडे एकदम एक अख्खी भाषा मिळाली.

अशा वेळी माणसाने नम्र राहावं, हे मला माहीत आहे. मी राहिलो नाही. हेडक्लार्कांनी फोन फिरवायला सुरुवात केली, त्यांचा नातू जांभळ्यापर्यंत आला, टाळ्या झाल्या. मग मी उभा राहिलो. घसा साफ केला आणि खिडकीबाहेर बघत, धीरगंभीर आवाजात म्हणालो, "मुगी होबू गोमू... पाफू. पाफू. गापू बूमा." म्हणजे, मीठ टाक, आच बारीक कर, झाकण ठेव, पाणी जास्त झालंय. हेडक्लार्कांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, "भाषांतरात मजा जाते." त्यांचे डोळे पाणावले. त्या दिवसापासून तो फोन आमच्या टेबलावर आला नाही.

आणि वर्ष संपत आलं. बाईंचा निरोप आला, रविवारी येते. वर्गाबाहेरचा बाक अजून भरलेलाच होता, हे बटणला सोडायला जाताना मी बघतच होतो. पण मला काळजी नव्हती. अशी खोली कुणी पाळली असेल? आम्ही ओटा घासला, आईने कवळी घातली आणि लगेच काढली, कारण कवळीने तिचे उच्चार बिघडत होते. मॅनेजरसाहेब इस्त्रीच्या शर्टात हजर झाले. फक्त बटण तेवढी गप्प गप्प होती. सकाळपासून तिने माझं बोट सोडलं नव्हतं. मुलं परीक्षेला घाबरतात, म्हणून मी तिला धीर दिला, "अगं, आम्ही आहोत ना!" त्यावर ती आणखीच घाबरली.

बाई आल्या. स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. बायको पुढे होऊन गोड हसत म्हणाली, "होबू बूमा?" चहा घेणार का, असं. बाईंनी चष्मा सारखा केला. आई म्हणाली, "फुमी मुगी, गोमू फुमी." त्यामागून मॅनेजरसाहेबांनी साखरेसंबंधी काही विचार मांडले. मग मी स्वागतपर दोन शब्द बोललो, जे दोनाहून बरेच जास्त होते.

बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "ही कुठली भाषा?" त्यांनी विचारलं.

आईने तत्काळ त्यांच्या ओठांसमोर बोट धरलं. खोलीत मराठी बंद.

मग बाई वाकल्या आणि बटणशी बोलू लागल्या. बटणने उत्तर दिलं. बाईंनी आणखी विचारलं, बटणने आणखी सांगितलं, हात नाचवत, मध्येच हसत, न अडखळता. पाण्यावर चपटा दगड टप्पे घेत जावा तशी पोरगी बोलत होती. आम्हा चौघांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यात बूमा नव्हता, मुगी नव्हती. त्यात सगळीकडे जीभ होती आणि दात होते.

बाई उठून हॉलमध्ये गेल्या, आम्ही मेंढरांसारखे मागोमाग.

"मुलीला भाषा उत्तम येते," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही चौघं जे बोलता ते जगात कुठेच बोलत नाहीत." आणि बटणकडे वळून म्हणाल्या, "का गं? यांना काय शिकवलंस तू?"

बटणने माझं बोट घट्ट धरलं. "आधी खरीच शिकवली होती, बाई. यांना येईना. आईला रडू आलं. आजीला तर बोलताच येईना, तिला दात नाहीत ना. मग दातांचे सगळे शब्द काढून टाकले. तुम्ही म्हणालात ना, सगळ्यांनी बोलायला पाहिजे, नाहीतर जागा जाणार. म्हणून मी यांच्यासाठी सोपी केली."

"मग एकाच झाकणाला दोन-दोन शब्द कसे?" आवाज शक्य तितका ताठ ठेवत मी विचारलं.

"तुला चुकलं म्हटलं की तू रुसतोस, बाबा. म्हणून तू म्हणशील ते बरोबर, असं ठेवलं."

मॅनेजरसाहेब शर्टाच्या इस्त्रीकडे बघत होते. ऑफिसातली माझी धीरगंभीर कविता आठवून माझे कान तापले. आणि खरं सांगतो, त्याच वेळी माझी छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं काज ताणलं गेलं. घरातल्या ढ विद्यार्थ्यांसाठी या एवढ्याशा पोरीने एक अख्खी भाषा बेतून शिवली होती, प्रत्येकाच्या मापाची!

"बाई," बायको पुढे झाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "चूक आमची आहे. तिची जागा काढू नका हो. ती झोपेतसुद्धा तुमचीच भाषा बोलते. आम्ही समजत होतो, आम्हाला न शिकवलेला धडा असेल."

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांचे खांदे हलत होते, आणि त्या हसताहेत हे कळायला आम्हाला वेळ लागला.

"मी घराघरांतून जाते," त्या म्हणाल्या. "सगळीकडे आई-वडील दारातच मला आठवड्याचे वार म्हणून दाखवतात. घाईघाईने, पाठ करून. मी जिना उतरायच्या आत टीव्ही लागतो. मोठ्यांनी पोराकडून शिकावं, त्याच्यापुढे चुकावं, एवढ्यासाठी मी तो नियम केला होता. तो पाळलेलं पहिलं घर हे बघतेय. मुलगी पुढच्या वर्गात. तुमची भाषा तुम्ही ठेवा. मुलीशी भांडू नका म्हणजे झालं." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "आणि तो होबू बूमा मी घेईन."

बाईंनी चहा घेतला. "फुमी," म्हणाल्या, आणि निघाल्या.

अशा क्षणी घरच्या कर्त्या पुरुषाने गप्प बसणं योग्य नाही. बाई दाराशी पोचायच्या आत मी त्यांना गाठलं आणि समोर उभा राहिलो. "बाई," मी म्हणालो, "आज लोक मला विचारतात, मुलांना परकी भाषा का शिकवायची? नोकरीसाठी? मेंदूसाठी? नाही! मी त्यांना सांगेन, की ज्या मुलाला दुसऱ्याची भाषा येते, तेच मूल मागे राहिलेल्याचा हात धरतं. मी सांगेन, की मानवाच्या इतिहासात भाषा राजांनी लादल्या, पंडितांनी बांधल्या. पण माझ्या मुलीने..." इथे मी डावा हात छातीवर ठेवला आणि मानवाच्या इतिहासाकडे जरा सविस्तर वळलो.

कुणीतरी माझ्या शर्टाचं टोक ओढलं. खाली बटण उभी होती. ती अगदी हळू, स्वच्छ मराठीत, मला नक्की कळेल अशा बेताने म्हणाली,

"बाबा, जरा बाजूला हो ना. तू दार अडवलंयस. बाईंना घरी जायचंय."